नाव घेऊन

"त्या सुहैर दब्बासच्या घरावर गाढवाचा नांगर फिरो!" मागच्या सीटवर मधोमध बसलेली बाई म्हणाली, आणि तिच्या शेजारी खिडकीशी बसलेल्या सुहैर दब्बासने मांडीवरची पर्स उगीचच जवळ ओढून घेतली. गाडी बॅटरीपायी गॅरेजात पडली होती, म्हणून कितीतरी वर्षांनी ती आज लुवैबदेच्या टेकडीवरून खाली बाजारात जाणाऱ्या पांढऱ्या शेअर टॅक्सीत बसली होती. अनोळखी माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, आरशाला टांगलेली निळ्या मण्यांची माळ वळणावळणावर काचेला टकटक करणारी, कुणाच्या तरी पिशवीतून ताज्या झातरच्या पाल्याचा वास. आधी तिला वाटलं, दुसरी कुणी सुहैर दब्बास असेल. अम्मानात एका नावाच्या चारजणी सहज निघतात. एकदा बँकेत भलत्याच सुहैर दब्बासचा धनादेश तिच्या हातात ठेवला होता. पण बाई थांबली नव्हती. "औषधांच्या कमिटीवर बसते ना, ती. आमच्या ह्यांच्या छातीचं औषध सरकारी दवाखान्यात ठेवायचं नाही म्हणाली. चोरून नाही हो, राजरोस! पुतण्याने मोबाइलवर वाचून दाखवलं मला. खाली नाव. डॉक्टर सुहैर दब्बास. जशी काय लग्नाची पत्रिकाच छापलीय."

कान तापले. पर्सच्या पट्ट्यावरची बोटं गार पडली. शिवी ऐकल्यावर व्हायला हवं, तसंच हे झालं. पण त्याच्या खालून, पोटाच्या जरा वर, आणखी काहीतरी उमलत होतं, आणि ते काय आहे हे कळायला सुहैरला वळण ओलांडून खालचा उतार लागेपर्यंतचा वेळ लागला. ती सुखावली होती. भर टॅक्सीत, परक्या माणसांसमोर, तिच्या घरावरून कुणी गाढवाचा नांगर फिरवत होतं आणि तिला शाळेत बक्षीस घ्यायला नाव पुकारल्यासारखं वाटत होतं. तिला स्वतःचीच भीती वाटली. पन्नाशी उलटलेली बाई, औषधशास्त्राची प्राध्यापक, आणि शिवी ऐकून हरखते म्हणजे काय? तिने खिडकीबाहेर पाहिलं. पिवळट दगडांची घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन टेकडी चढत होती, गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या उन्हात पांढऱ्याफटक उभ्या होत्या, आणि त्या कुठल्याच घराला तिच्या मनात काय चाललंय याचं सोयरसुतक नव्हतं.

नाव छापायचं ठरलं गेल्या हिवाळ्यात. त्याआधी समितीचे निर्णय यायचे ते बाईने म्हटलं तसे चोरून. कुठलं औषध देशाच्या यादीत घ्यायचं, कुठलं नाही, कोणत्या औषधावर सरकारी दवाखान्यांचा पैसा घालायचा, हे दार लावून ठरायचं, आणि बाहेर पडायचा तो एक कोरडा कागद: 'मंजूर' किंवा 'नामंजूर'. कोण बोललं, कशासाठी बोललं, कुणाचा मेहुणा कोणत्या कंपनीचा एजंट आहे, ते गावात सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कागदावर कुठेच नसायचं. मग नवा नियम आला. प्रत्येकाने आपले हितसंबंध आधी उघड सांगायचे, निर्णयाची कारणं साध्या भाषेत लिहायची, खाली नावं घालायची, आणि ज्याला हरकत असेल त्याला समितीपुढे येऊन बोलू द्यायचं. अध्यक्ष डॉक्टर रातिब यांनी तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. "नावं? अहो, दगड मारतील लोक! हा काय स्वीडन आहे? इथे माणसाला नाव असतं म्हणजे त्याला काका असतो, मामा असतो, टोळी असते. उद्या तुमच्या दारात येऊन बसतील." सुहैर म्हणाली होती, "बसू देत. चहा पाजू." सगळे हसले होते. तीही हसली होती, पण ती गंमत करत नव्हती. आणि तरीही, आज या घटकेपर्यंत, एकही माणूस दारात येऊन बसला नव्हता. नावं छापली जात होती आणि जणू कुणी वाचतच नव्हतं. मामा मात्र येत होते. तिचे सख्खे मामा, अबू शादी, फोन करून म्हणायचे, "आपल्याच माणसांचं आहे गं ते औषध, जावयाचा भाऊ आहे, जरा बघ." ती म्हणायची, "मामा, मंगळवारी समितीत या ना. सगळ्यांसमोर सांगा, जावयाचा भाऊ आहे म्हणून." मामा फोन आपटायचे. गेल्या ईदला त्यांनी तिच्या हातची कॉफी घेतली नव्हती. कपाला हात न लावता तो तसाच ठेवून जाणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दिवाणखान्यातल्या त्या भरल्या कपाकडे बघत ती बराच वेळ बसली होती, आणि तेव्हाही, अपमानाच्या तळाशी, असंच काहीतरी ताठ उभं राहिलं होतं.

"पण बाई नकार का म्हणून देईल?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं. "कारण काहीतरी लिहिलं असेल की."

"लिहिलंय तर! पुरावा नाही म्हणे. माझा नवरा रात्रंदिवस उशा रचून बसतो, झोपायला आडवा होत नाही, हा पुरावा नाही? ये म्हणावं माझ्या घरी. दाखवते पुरावा."

"वशिला लावायचा होता," पुढच्या सीटवरचे म्हातारबुवा म्हणाले. "वशिल्याशिवाय या देशात लिंबूसुद्धा पिळत नाही."

"लावला ना! माझ्या दिराचा साडू आहे आरोग्य खात्यात. तो म्हणाला, वहिनी, ती दब्बासबाई सख्ख्या मामाचं ऐकत नाही, माझं कुठलं ऐकणार?"

सुहैरला एकदम हसू फुटलं. तिने ते रुमालात दाबलं, पण डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचं आहे की दुसऱ्या कशाचं, हे सांगता येईना. कारण त्याच क्षणी तिला आई दिसली होती. आत्ताची, घरी बाल्कनीत पाय पसरून मसूर निवडणारी आई नव्हे. सॉल्ट गावच्या सरकारी दवाखान्याच्या जिन्यात उभी असलेली, तरुण, काळ्या ओढणीत चेहरा घट्ट बांधलेली आई. आत वडील रक्तात विष पसरून तापाने फणफणले होते. एक इंजेक्शन होतं, ते कधी दवाखान्यात यायचं, कधी यायचं नाही. त्या आठवड्यात आलं, आणि ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दिलं गेलं. तो माणूस वाईट नव्हता. त्याने वडिलांना आपल्या वाटणीची संत्री दिली होती. पण त्याचा मेहुणा फौजेत मोठ्या हुद्द्यावर होता. आईने कारकुनाला विचारलं, "कुणी ठरवलं हे?" कारकून म्हणाला, "वरून ठरतं." आईने मान वर केली. जिन्यावर ओल आलेलं छत होतं. तिथे कुणी नव्हतं. सुहैर आईच्या झग्याचं टोक धरून उभी होती आणि तीही वर बघत होती, त्या हिरव्या ओलीकडे. वडील गेले. पुढे कितीतरी वर्षं आई भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना मध्येच थांबायची आणि तोंड उघडायची, आणि तिच्या तोंडून काही बाहेर पडायचं नाही. एकदाच ती बोलली होती, "शिव्या द्यायच्या तर कुणाला देऊ गं? वरून म्हणाला तो. वर तर अल्ला आहे. त्याला कशी देऊ?" ती तशी भाविक बाई, त्या कारकुनाचं 'वर' आणि आपलं 'वर' या दोन वेगवेगळ्या जागा आहेत, याची खात्री पटायला तिला अर्धं आयुष्य लागलं. तोवर तिच्या पोटातला शाप तसाच राहून दगड झाला होता.

आणि इथे ही बाई. जाडजूड, तोंडाने फटकळ, हनुवटीवर तीळ असलेली ही बाई शाप देत होती आणि तिच्या शापाला उतरायला जागा होती. तो टेकडीवरून सुटला होता आणि नेमका जिथे पोचायला हवा तिथे, शेजारच्या सीटवर, पोचला होता. सुहैरला वाटलं, आपण आयुष्यभर शिकलो, परदेशात थंडीत कुडकुडत परीक्षा दिल्या, लग्नाचं वय घालवलं, समित्यांवर भांडलो, ते एवढ्यासाठीच: कुणा बाईला छताकडे बघायला लागू नये. हा विचार तिला फार मोठा वाटला आणि थोडा खोटाही. पावलं आपोआप पडतात आणि माणूस मागाहून म्हणतो, मी इकडेच यायला निघालो होतो. पण खोटा असो की खरा, त्याने तिची पाठ सरळ झाली.

"बाई," ती म्हणाली, "सुहैर दब्बास मीच."

ड्रायव्हरने ब्रेक दाबला नाही, पण टॅक्सी हळू झाली. म्हातारबुवांनी वळून पाहिलं आणि चटकन पुन्हा पुढे तोंड केलं. बाईने सुहैरच्या बुटांपासून केसांपर्यंत नजर फिरवली, जणू बाजारात कोंबडी पारखतेय.

"तू? कमिटीवाली?"

"हो."

"मग इथे टॅक्सीत काय करतेस? मोटार नाही सरकारची?"

"सरकार मोटार देत नाही. माझी आहे, ती बिघडलीय."

"बघा!" म्हातारबुवा न राहवून म्हणाले. "पैसे खाल्ले असते तर बिघडली नसती."

"तुम्ही गप्प बसा हो काका," बाई कडाडली. मग सुहैरकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण नजर हलत नव्हती. "मी बोलले ते परत घेणार नाही, सांगून ठेवते."

"घेऊ नका," सुहैर म्हणाली. "फक्त ते इथे बोलू नका. मंगळवारी सकाळी समितीची बैठक आहे. दार उघडं असतं. आत या, हात वर करा आणि सगळ्यांसमोर बोला. तुम्ही बोललात तर आम्हाला ऐकावं लागतं. आणि उत्तर द्यावं लागतं, नाव घेऊन."

"आणि तिथला शिपाई मला आत सोडेल?"

"सोडेल. सोडलं नाही तर माझं नाव सांगा."

"म्हणजे वशिलाच की!" ड्रायव्हर म्हणाला, आणि टॅक्सीत सगळे हसले, बाईसुद्धा, इच्छा नसताना, नाकातून. खाली उतरताना तिने सांगितलं की तिचं नाव उम्म हैथम, नवरा दगडी फरशांच्या कारखान्यात हिशेबनीस होता, जिना चढेनासा झाल्यापासून घरी आहे. मग रस्त्यावर उभी राहून, वाकून, खिडकीतून म्हणाली, "येईन. पण तयारीत राहा."

घरी आईने मसुराचं ताट बाजूला सारलं. "कोण होती ती? कुणाची? सॉल्टची असेल तर मला कळेल. माझ्या मुलीच्या घरावर नांगर? तिच्या चुलीत साप निघो! तू काही बोलली नाहीस?" सुहैरने आईला सांगायचा प्रयत्न केला, की मला राग आला नाही, मला बरं वाटलं. आई तिच्याकडे बघतच राहिली. "उन्हातून आलीस ना. पाणी पी." सुहैर पाणी प्यायली. जिन्याची आठवण काढावी, कारकुनाची काढावी, असं तिच्या ओठांवर आलं, पण आईचे हात पुन्हा मसुरात फिरायला लागले होते, खडे शोधत, आणि त्या हातांना आता थांबवू नये असं तिला वाटलं. काही अभिमान असे असतात की ज्यांच्यामुळे ते उभे राहिले त्यांनाच दाखवता येत नाहीत. दाखवायला गेलं तर जुनी जखम आधी उघडावी लागते.

मंगळवार येईपर्यंत ती मात्र अस्वस्थ होती. औषधाचे कागद तिने पुन्हा काढले. फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा तो आजार. औषध दिलेल्यांचा श्वास नळीत फुंकून मोजला तर किंचित बरा भरायचा, पण माणसं त्याने जास्त जगत नव्हती, जास्त चालत नव्हती. दुसरी एक चाचणी कंपनीने मध्येच थांबवली होती आणि तिचं काय झालं ते मागूनही दिलं नव्हतं. एवढं महाग औषध घ्यायचं तर मूत्रपिंडाच्या आजाऱ्यांच्या, बाळंतिणींच्या वाटचा पैसा काढून घ्यावा लागला असता. तिचा नकार बरोबर होता. ती पुन्हा पुन्हा त्या ओळींवरून नजर फिरवत होती आणि दर वेळी तो बरोबरच निघत होता. मग हे काय कुरतडतंय? बरोबर असणं आणि एका बाईच्या डोळ्यांत बघून बरोबर असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढंच तिला उमगलं. कागदावर 'नामंजूर' लिहिताना समोर उशा रचून बसलेला माणूस नसतो. आता तो होता. उम्म हैथम बोलली नसती तर तो आला नसता. आणि तो आला म्हणून निर्णय बदलावा, तर मग फौजेतल्या मेहुण्याने काय वेगळं केलं होतं? तोही कुणाच्या तरी डोळ्यांत बघूनच हळवा झाला असेल. क्षणभर तिला त्या मेहुण्याचीही दया आली, आणि या दयेचा तिला फार राग आला.

मंगळवारी उम्म हैथम आली ती ठेवणीतल्या भरतकामाच्या झग्यात, अंगठ्या घालून, सोबत पुतण्या-बितण्या कुणाला न घेता. मागच्या ओळीत न बसता ती सरळ पुढच्या खुर्चीवर बसली. पलीकडच्या टोकाला औषध कंपनीचा माणूस होता, गुळगुळीत दाढीचा, हसतमुख. डॉक्टर रातिब यांनी तिच्याकडे आणि मग सुहैरकडे पाहिलं आणि ठरलेला प्रश्न विचारला: "आजच्या विषयात कुणाचा कुणाशी काही संबंध?"

सुहैर उठली. "आहे. हरकत घेणाऱ्या बाई मला टॅक्सीत भेटल्या होत्या. आमचं बोलणं झालं. नोंद करा."

"काय बोलणं झालं?"

"त्यांनी मला शिव्या दिल्या. मी त्यांना इथे यायला सांगितलं."

खोलीत हशा पिकला. लिहून घेणाऱ्या मुलीने गोंधळून विचारलं, "शिव्या... लिहू का?" डॉक्टर रातिब म्हणाले, "लिहा, लिहा. एवढा स्वच्छ संबंध या समितीत आजवर कुणी सांगितला नसेल." पण हसणं ओसरताच ते सुहैरकडे झुकून हलकेच म्हणाले, "डॉक्टर सुहैर, बाई आता रडतील, उद्या पेपरात येईल, आपण राक्षस ठरू. विषय पुढच्या वेळेवर टाकतो. दार लावून बोलू." सुहैरने नकारार्थी मान हलवली. "त्या सकाळपासून तयार होऊन आल्यात," ती म्हणाली, आणि हे मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं.

उम्म हैथम रडली नाही. तिने सांगितलं की नवऱ्याने तीन महिने ते औषध घेतलं होतं, आणि त्याला बरं वाटलं होतं. मग ते बंद झालं. कुठून मिळालं, असं छातीचे डॉक्टर झैदान यांनी विचारलं. "ह्यांच्याकडून," तिने हसतमुख माणसाकडे बोट केलं. "घरी आणून दिलं, फुकट. मग म्हणाले, आता संपलं, आता सरकारला मागा. कमिटीपुढे बसा, पेपरवाल्यांना बोलवा. मला पत्तासुद्धा लिहून दिला." खोलीतली हवा बदलली. हसतमुख माणूस म्हणाला की ती माणुसकीच्या नात्याने केलेली मदत होती, आणि असे किती रोगी आहेत, असं सुहैरने विचारलं तेव्हा त्याला आकडा आठवेना. "मग लेखी द्या," सुहैर म्हणाली. "आणि थांबवलेल्या चाचणीचंही. इथेच, या बाईंसमोर मागतेय मी, तेव्हा मागितलंच नव्हतं असं पुढे म्हणता येणार नाही." डॉक्टर रातिब यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "समिती मागतेय. एकट्या डॉक्टर सुहैर नाहीत." ते तिच्याकडे बघत नव्हते, पण तिने ते ऐकलं, आणि ही समिती आपली आहे, असं तिला पहिल्यांदाच निखळपणे वाटलं.

मग तिने कागद बाजूला सारून विचारलं, "उम्म हैथम, त्या तीन महिन्यांत ते जिना चढले का?"

खोटं बोलायला ही किती सोपी जागा होती! कोण जाऊन तपासणार होतं? एक 'हो' म्हटलं असतं तर निदान दोन सभासद विरघळले असते, हे सुहैरला दिसत होतं, आणि ते उम्म हैथमलाही दिसत असावं. तिने हातातली अंगठी फिरवली. "जिना?" ती म्हणाली. "नाही. जिना ते तेव्हाही चढले नाहीत. झोपायचे मात्र. औषध आलंय म्हणून झोपायचे." आणि तिने मान वर केली, सरळ सुहैरकडे. त्या नजरेत याचना नव्हती. मी खरं सांगितलं, आता तूही सांग, एवढंच होतं. सुहैरला वाटलं, उठून तिच्या हाताचं चुंबन घ्यावं, मोठ्या माणसांचं घेतात तसं. वशिल्याच्या या गावात, दिराच्या साडूपासून सगळे दरवाजे ठोठावून झालेल्या या बाईने, उघड्या दारातून आत आल्यावर खोटं बोलायचं नाकारलं होतं. उघड्या दाराने माणसं अशीही होतात की काय? की ही मुळातच अशी होती आणि तिला खरं विचारणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं?

डॉक्टर झैदान यांनी विचारलं की घरी ऑक्सिजनचं मशीन आहे का. नव्हतं. ते दवाखान्यातून मिळतं, उद्याच न्या, असं ते म्हणाले, तेव्हा ती चकित झाली. "ओळख नको लागायला?" "काही नको. आजारी माणूस असला की पुरे." तिने हे नीट कानांत साठवून घेतलं. मग नकाराच्या बाजूने हात वर झाले, एकेक करून, सगळ्यांना दिसतील असे. मामांनी ज्या घरात मुलगी दिली होती त्या घरच्या औषधाविरुद्ध सुहैरनेही एकदा असाच हात वर केला होता, पण तेव्हा समोर कंपनीची माणसं होती, आजारी माणसाची बायको नव्हती. आज हात जड होता. तिने तो तरीही खांद्याच्या वर नेला आणि तिथे धरून ठेवला.

"निर्णय वाचून दाखवा," डॉक्टर रातिब तिला म्हणाले. आजवर बैठकीत निर्णय कुणी वाचून दाखवत नसे; ते नुसते छापले जात. सुहैरने वाचलं. औषध यादीत घेता येत नाही. त्याने रोगी जास्त जगतो किंवा त्याचा दम कमी लागतो असं दाखवणारा पुरावा समितीपुढे आलेला नाही. कंपनीने फुकट औषध सुरू करून मध्येच बंद केलं ते गैर आहे. ज्यांना सुरू केलं त्यांना ते देत राहण्याची जबाबदारी कंपनीची, आणि तसं तिला लेखी कळवलं जाईल. खाली नावं. तिने नावंही वाचली, आपलं सुद्धा, आणि बसायला वळली.

"थांबा," उम्म हैथम म्हणाली. ती उभी राहिली होती. आवाजात राग नव्हता, मऊपणाही नव्हता. "परत एकदा सांगा. सावकाश. मला घरी जाऊन त्यांना सांगायचंय. ते विचारतील, काय म्हणाले, का म्हणाले. त्यांना अर्धवट सांगितलेलं चालत नाही."

सुहैरने कागद टेबलावर पालथा ठेवला. टेबलाला वळसा घालून ती पुढे आली आणि उम्म हैथमच्या समोर उभी राहिली. मग ती सांगू लागली, व्याख्यानातल्या भाषेत नव्हे, सॉल्टच्या गल्लीतल्या, आईच्या बोलीत. एकेक वाक्य तोडून, एक पोचल्यावर दुसरं. हे औषध छातीत हवा भरायला फारशी मदत करत नाही. कंपनीने सगळं खरं दाखवलेलं नाही. जे दाखवलं त्यावर आमचा विश्वास बसला नाही. म्हणून नाही म्हटलं. मशीन उद्या न्यायचं, ते दम लागण्यावर खरंच उपयोगी पडतं. थांबवलेलं औषध कंपनीलाच चालू ठेवावं लागेल, पण त्यावर फार आशा ठेवू नका. हे मी म्हणतेय. उम्म हैथमचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. 'नाही' या शब्दाशीही ते हलले, न अडखळता. सुहैरला आपल्या आवाजाचं नवल वाटत होतं. तो कापत नव्हता, आणि इतका ताठ असूनही कुणाला टोचत नव्हता.

"आणखी एकदा सांगू?" तिने विचारलं.

"नको," उम्म हैथम म्हणाली. "आलं मला."